पायरीवरची एकतीस पावलं

बुधवार, ता. ६

बसच्या दारापासून शेवटच्या सीटपर्यंत अकरा पावलं. परत येताना अकरा. आज घड्याळ हातात धरून चाललो : एकोणतीस सेकंद. प्रत्येक सीटखाली वाकून बघितलं तर दीड मिनिट, आणि माझे गुडघे हिशेबात धरले तर दोन. काल ही दोन मिनिटं मी वाचवली. त्याच्या बदल्यात एका सहा वर्षांच्या मुलाचे सव्वादोन तास गेले. सव्वानऊ ते साडेअकरा, बंद काचांच्या आत, भर उन्हात. मुलगा इस्पितळात आहे. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ही वही गाड्यांच्या नोंदींसाठी आणली होती. पहिली चार पानं ऑइल आणि टायरची आहेत. पाचव्यापासून माझी.

झालं ते सरळ लिहितो. सात नंबरचा ड्रायव्हर तापाने आडवा, म्हणून बस मी नेली. मुलांना चढवायला-उतरवायला मावशी होती. बारा वर्षं ती माझ्याकडे मदतनीस आहे; मुलंच काय, मुलांच्या आयासुद्धा तिला मावशीच म्हणतात. शाळेच्या फाटकाशी थांबलो, मुलं उतरली, मी नेहमीसारखी पावलं मोजली. माझ्या सगळ्या गाड्यांच्या पायरीला पत्रा ठोकलेला आहे. मूल उतरलं की धप्प होतं. सत्तावीस वर्षं मी असाच मोजत आलो. आरशात बघायला नको, डोकी मोजायला नको. एकतीस चढले होते, एकतीस धप्प झाले. मावशी खालून काहीतरी म्हणाली, तिचं नेहमीचंच तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, "एकतीस झाले, मावशी. निघतो." ती तिथूनच घरी गेली, घर शाळेच्या मागेच आहे. मी बस माझ्या गाड्यांच्या आवारात आणून लावली, शेडखाली खुर्ची टाकली, चहा मागवला, पेपर उघडला.

साडेअकराला रजिस्टर घ्यायला बसमध्ये चढलो, तर मागच्या काचेला चिकटून तो उभा. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला. ओठ पांढरे. मला बघून तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही.

शेवटच्या सीटवर बसतो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो म्हणून पोरं त्याला गोगलगाय म्हणतात. मीही म्हणायचो. आता म्हणणार नाही.

शोधला मात्र मीच. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची.

गुरुवार, ता. ७

इस्पितळात गेलो. बाप दारातच आडवा उभा राहिला, पण मुलाची आई म्हणाली, "येऊ दे."

मुलगा बसून होता, पेल्यातून घोट घोट पाणी पीत होता. बोलत नाही. घसा पार बसलाय, आतून सुजलाय, आठ दिवस तरी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. उन्हाने आणि तहानेने घसा असा धरतो. मी लहानपणी दुसऱ्यांच्या गाड्या धुवायचो तेव्हा माझाही धरायचा. तसं मी त्याच्या आईला सांगितलं, तिला धीर यावा म्हणून.

ती म्हणाली, "तुम्ही तिथेच होतात ना?"

"तिथेच होतो, ताई. म्हणून तर वेळेवर सापडला."

मुलाने पेला बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. पोर दमलेलं होतं. मी निघालो.

शुक्रवार, ता. ८

आज आवारात तपासणी. वाहतूक खात्याचे निरीक्षक आणि शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. निरीक्षक वयाने माझ्या मुलाएवढे, हातात छापील कागद, त्यावर एकवीस कलमं. मी मनात म्हटलं, वाचा लेको, निम्मी तर मी तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून पाळतोय. मागचं संकटकाळचं दार उघडून दाखवलं, लोण्यासारखं उघडलं. अग्निशामक भरलेला. पट्टे सगळ्या सीटना. खिडक्यांच्या काचा मुलांना सरकवता येऊ नयेत म्हणून वरून अडसर, तोही नियमाप्रमाणे. (त्या अडसराकडे मी नीट बघितलं नाही. मुलाने हात बाहेर काढू नये म्हणून लावलेला तो.)

चौदाव्या कलमाशी ते थांबले. मुलं उतरल्यावर चालक आणि मदतनीस या दोघांनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखाली बघायचं, मगच वहीत सही करायची.

"हे कोण करतं तुमच्याकडे?"

"मदतनीस करते," मी म्हटलं. "छापील नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं आहे."

"आणि चालक?"

"मी मोजतो. कानाने." आणि मग मी त्यांना सांगितलं. आपण काही पुस्तकं शिकून आलेलो नाही. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचो, त्यावर पहिली गाडी झाली, आणि त्या एका गाडीच्या नऊ झाल्या. आजही चाळीस पावलांवरून सैल बोल्ट मला कळतो. आंधळ्याला काठी तसे मला कान.

निरीक्षकांनी लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, "कलम पंधरा बघा. अडकलं तर हॉर्न दाबायचा, हे प्रत्येक मुलाला शिकवायचं."

मी म्हटलं, "तीनशे पोरांना हॉर्न शिकवला तर सगळं गाव बहिरं होईल, बाई."

निरीक्षक हसले. बाई नाही.

जाता जाता निरीक्षकांनी सात नंबर मागे घ्यायला सांगितली. मागे घेताना वाजणारा टी-टी इशारा त्यांना ऐकायचा होता. मी म्हटलं, "तो बिघडलाय, साहेब, महिना झाला. मिस्त्रीला दोनदा सांगितलं." मिस्त्री गाडीमागेच उभा होता. तो पाना पुसत राहिला. निरीक्षकांनी बस मागे घ्यायला लावली, ऐकल्यासारखी मान डोलावली आणि कागदावर बरोबरची खूण केली. सरकारी माणूस आपल्या फायद्याची चूक करत असेल तर आपण का दाखवावी?

समिती शनिवारी, ता. १६ ला, बसणार. सोमवारपर्यंत लेखी निवेदन द्यायचं. चूक कुणाची, ते त्यावरून ठरणार. ज्याची ठरेल त्याला पुन्हा कुठल्याही शाळेच्या गाडीवर पाय ठेवता येणार नाही.

शनिवार, ता. ९

कोडं सुटलं. माझं मीच सोडवलं.

पावलं एकतीस झाली आणि मुलगा आत राहिला, हे कसं? दोन दिवस डोकं पोखरत होतं. आज सुट्टी असूनही त्याच बसमधल्या चार-पाच मुलांच्या घरी गेलो. मुलांना प्रश्न विचारायचे तर आधी त्यांच्याकडून एखादी तक्रार ऐकून घ्यावी लागते, ही माझी जुनी युक्ती. तिसऱ्या घरी वेणीवाली मुलगी भेटली. आईच्या मागून अर्धं तोंड काढून बोलली. आईने तेच मोठ्याने परत सांगितलं : उतरल्यावर तिला आठवलं की पाण्याची बाटली सीटवरच राहिली. ती परत चढली, बाटली घेतली, परत उतरली.

म्हणजे एकाच मुलीचे दोनदा धप्प! चढण्याचा आवाज मी धरत नाही, उतरण्याचाच धरतो. तीस मुलं, एकतीस पावलं. कानाने काही चूक केली नाही. कान एकतीस ऐकून एकतीसच म्हणाला. चुकला तो हिशेब.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे मावशीचा दोष नाही तर."

"तो वेगळा मुद्दा," मी म्हटलं.

"कसा वेगळा?"

मी अंघोळीला गेलो.

रविवार, ता. १०

घरीच. नात दिवसभर भोवती होती. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो, वय सात. हल्ली ती काही सांगायच्या आधी माझी बाही ओढते, मी वळून बघितलं की मग बोलते. मोठ्यांशी कसं बोलावं हे सुनेने चांगलं शिकवलंय. हीसुद्धा आताशा समोर येऊन उभी राहिल्याशिवाय बोलत नाही. मी गमतीने म्हटलं, "वय झालं की बायकोला नवऱ्याचं तोंड बघावंसं वाटायला लागतं." ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही एकदा डॉक्टरकडे जाऊन या."

"मला काय धाड भरलीय? इस्पितळात पोरगा आहे."

निवेदन लिहायला बसलो. तीनदा फाडलं.

सोमवार, ता. ११

निवेदन दिलं. पाऊण पान.

त्यात खोटं एकही अक्षर नाही. अंतिम तपासणी मदतनिसाने करायची असते, खरं. ती न करता मदतनीस फाटकापासूनच निघून गेली, खरं. मुलगा गाढ झोपेत होता आणि मी आवारात बसलेलो असताना बसमधून कसलाही आवाज आला नाही, खरं. बारा वर्षांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं, आवारापर्यंत येऊन परत कशाला चालत जातेस, फाटकापाशीच उतरत जा, बाकीचं मी बघतो. हे कुणी विचारलेलं नाही, म्हणून लिहिलं नाही. नऊ गाड्या आहेत. पंचवीस घरं त्यावर चालतात. मी गेलो तर सगळेच गेले, आणि ती गेली तर एकटी ती. असं मी मनाला सांगितलं. मनाने ऐकून घेतलं, मान मात्र डोलावली नाही.

दुपारी तिला बोलावलं. तोंडावर सांगितलेलं बरं, मागून कळण्यापेक्षा. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मालक, मी त्या दिवशी काय म्हणाले होते ते लिहिलंत का?"

"काय म्हणाली होतीस?"

"एक कमी वाटतोय, थांबा, मी आत बघून येते. असं."

"मग मोठ्याने बोलायचं होतं, मावशी. तुझं ते तोंडातल्या तोंडात..."

"मोठ्यानेच बोलले. दोनदा. शाळेचा पहारेकरी वळून बघायला लागला. तुम्ही म्हणालात एकतीस झाले, आणि दार ओढलंत." मग म्हणाली, "मला वाटलं, मालक म्हणतायत म्हणजे झाले असतील. सगळेच म्हणतात ना, मालकांचा कान म्हणजे कान."

ती रडली असती तर सोपं गेलं असतं. तिने पदर नीट केला आणि विचारलं, "जाकीट आणि शिट्टी कधी आणून देऊ?"

मी म्हटलं, "घाई नाही."

संध्याकाळी हिच्या कानावर गेलं. ताट वाढता वाढता म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी." एवढंच. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

बुधवार, ता. १३

मुख्याध्यापिका बाईंनी शाळेत बोलावलं. त्यांच्या खोलीत आम्ही दोघंच. टेबलावर एक कागद पालथा ठेवलेला.

"मुलगा कालपासून हळू आवाजात बोलायला लागलाय," त्या म्हणाल्या. "मी काल त्याच्याकडे बसले होते. तो म्हणतो, जाग आली तेव्हा बस उभी होती. खिडकीतून काका दिसत होते, पाठमोरे, पेपर वाचत."

"हं."

"त्याने हाका मारल्या. खूप. काचेवर हात मारले. काका चहा प्यायले, पान उलटलं, पण वळले नाहीत. त्याला वाटलं, तुम्ही रागावलात."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, लहान मूल आहे. झोपेतून घाबरून उठलेलं. स्वप्नात मीपण ओरडतो आणि सकाळी शपथेवर सांगतो की ओरडलो. नऊ पावलांवर मी बसलो होतो! पाल चुकचुकली तर कळते मला."

बाईंनी कागद सुलटा केला. डॉक्टरांचं पत्र. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. चष्मा नव्हता म्हणून मी वाचलं नाही, म्हणजे वाचू शकलो असतो, पण वाचलं नाही.

त्या म्हणाल्या, "घसा कशाने सुजला, ते लिहिलंय त्यात."

मी उठलो. दारातून म्हटलं, "मी सिद्ध करून दाखवतो. शनिवारच्या आत."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी काही खाल्लेलं नाही. मग हे खवखवतंय ते काय?

गुरुवार, ता. १४

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर सिद्ध करायला बसलो.

सात नंबर त्याच जागी लावली. खुर्ची त्याच जागी, तोंड फाटकाकडे, पाठ बसकडे. हातात पेपर. काचा बंद. मुलाएवढाच आवाज हवा म्हणून चिमणीला सोबत आणलं होतं. सुनेला सांगितलं, पाच मिनिटांचा खेळ आहे, वारा गार आहे, मी इथेच आहे. चिमणीला समजावलं : शेवटच्या सीटजवळ उभी राहा, मी हात वर केला की मला हाका मार, जेवढा जोर असेल तेवढा, काचेवर हातही मार. मी वळलो की तू जिंकलीस.

"नक्की वळाल ना?" तिने विचारलं.

"पहिल्याच हाकेला," मी म्हटलं.

खुर्चीत बसलो. घड्याळ लावलं. हात वर केला.

एक मिनिट गेलं. पोरगी लाजतेय, मी मनात म्हटलं. एकटीने ओरडायचं म्हणजे लाज वाटते मुलांना. दुसरं मिनिट. आवारात शांत होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची मागची स्प्रिंगची कमान खिळखिळी झालेली कळत होती. तिसरं मिनिट. मी ठरवलं, लाजरी आहे, उद्या शेजारच्या दांडगोबाला आणू. तेवढ्यात फाटकातून मावशी आत आली. हातात जाकीट, घडी केलेलं. मी तिला हात करणार, तोच तिने जाकीट खाली टाकलं आणि धावत सुटली. थेट माझ्याकडे येतेय असं वाटलं. मी अर्धा उठलो. ती माझ्या बाजूने निघून गेली.

मी वळलो.

चिमणी काचेवर दोन्ही तळवे आपटत होती. तोंड उघडं, चेहरा लाल, गालांवर पाणी. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. बंद टीव्हीत माणसं बोलताना दिसावीत, तसं.

मावशीने दांडी ओढून दार उघडलं आणि तिला उचलून खाली आणलं. जवळ आल्यावर मला ऐकू आलं. चिमणी हुंदके देत म्हणत होती, "तुम्ही वळलाच नाहीत! मी किती हाका मारल्या! आजोबा, मी किती हाका मारल्या!"

मावशी माझ्यावर ओरडली, बारा वर्षांत पहिल्यांदा. "मालक, पोर जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि तुम्ही पेपर..." आणि मध्येच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई." त्या दिवसापासून जो तो काहीतरी जोडत बसला होता, ते तिला त्या एका क्षणात जोडता आलं. मला अजून दोन क्षण लागले.

ती म्हणाली, "कधीपासून, मालक?"

मला ठाऊक नव्हतं. अजूनही ठाऊक नाही. मिस्त्रीला फोन करून विचारलं, तो टी-टी इशारा खरंच बिघडलाय का. आधी त्याने विषय टाळला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली, शेठ, तुम्हाला कमी ऐकू येतं. तो वाजतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." समोर उभी मोठी माणसं, ट्रक, इंजिन, पत्र्यावरची पावलं, हे सगळं मला ऐकू येतं. जे बारीक आणि उंच असतं तेवढं गेलंय. म्हणजे नेमकी मुलं गेली.

चिमणीला घरी सोडलं. सून तिला आत घेऊन गेली आणि दार लावलं. मी दाराबाहेर थोडा वेळ उभा होतो.

शुक्रवार, ता. १५

सकाळी बाईंकडे जाऊन निवेदन परत मागितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, कोरा कागद पुढे केला. तिथेच बसून लिहिलं. मावशीने दोनदा थांबवलं होतं, ते लिहिलं. तिला फाटकापाशी उतरायला बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं, ते लिहिलं. चौदावं कलम मी कधीच पाळलं नाही, ते लिहिलं. पंधराव्यावर मी केलेल्या विनोदाबद्दलही लिहायला घेतलं होतं, पण बाई म्हणाल्या, ते राहू द्या.

उद्या समिती काय ते ठरवेल. मावशीचं जाकीट झटकून, घडी करून तिच्या घरी नेऊन दिलं. तिने घेतलं. चहा विचारला नाही, बरोबरच आहे.

तिथून इस्पितळात गेलो. मुलाच्या पलंगाशी, त्याला माझं तोंड नीट दिसेल असा बसलो. म्हटलं, "मी रागावलो नव्हतो. मला ऐकूच आलं नाही." त्याने आईकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. त्याच्या आईने सांगितलं, "तो विचारतोय, एकदाही नाही?"

मी मान हलवली.

आवारात परत आल्यावर निवेदनातला शेवटचा आकडा भरायचा राहिला होता, म्हणून पावलं मोजली. काल मावशीने हाका जिथे ऐकल्या, त्या फाटकापासून बसपर्यंत चौऱ्याहत्तर. माझ्या खुर्चीपासून नऊ.